पडद्याच्या तपासणीला एकट्याला पाठवू नका

ह्यांना मधुमेह आहे, त्यामुळे दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी असते. चष्म्याचा नंबर काढण्याइतकं साधं काम म्हणून ते एकटेच स्कूटरवर जाऊन यायचे. गेल्या खेपेला मी बरोबर गेले, ते बरं झालं.

रक्त द्यायला उपाशी जातात, त्या सवयीने ते सकाळी काही न खाता निघाले होते. साखरेची गोळी मात्र घेतलेली. दहाची वेळ होती, पण बारा वाजत आले तरी नंबर लागेना. परिचारिका अधूनमधून येऊन थेंब घालायची आणि डोळे मिटून बसायला सांगायची. डोळे मिटून बसलेल्या माणसाला काही होतंय, हे शेजारच्यालाही कळत नाही. मी सहज हात धरला तर तो घामाने ओला, थरथरत होता. विचारलेल्याचं उत्तरही धड देईनात. साखर उतरली होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग बिस्किटं दिली, तेव्हा कुठे ते सावरले. "उपाशी यायचं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं," असं काउंटरवर ऐकवलं गेलं. सगळ्यांना माहीत नसतं. वेळ देतानाच ते सांगायला हवं.

म्हणून सांगते. नेहमीच्या पडद्याच्या तपासणीला पोट रिकामं ठेवावं लागत नाही. खाणं आणि औषध रोजच्या वेळी घ्यावं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे जास्तच पाळावं, आणि सोबतच्याने पिशवीत साखर व बिस्किटं ठेवावीत. काचबिंदूचा त्रास असेल किंवा डोळ्याचा कोन अरुंद असल्याचं पूर्वी कुणी सांगितलं असेल, तर ते थेंब घालण्याआधी सांगा. थेंबांनंतर डोळा जोरात दुखू लागला, लाल झाला, उलटी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच परत जा.

थेंबांनी बाहुली मोठी होते. पुढचे चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. "हळू चालवतो" हे ऐकून घेऊ नका, रिक्षाने या. गॉगल किंवा टोपी बरोबर असू द्या. हातातला कागदही त्यांना वाचता येत नसतो, म्हणून डॉक्टरांच्या खोलीत तुम्हीही जा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट, औषधांची यादी, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा जवळ ठेवा. पडद्यावर बदल दिसतात का, मधल्या भागाला सूज आहे का, हे विचारून लिहून घ्या.

"मला स्वच्छ दिसतंय, कशाला जायचं?" हे आमच्याही घरात दरवर्षी होतं. पण पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागल्या तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही. लेसर आणि डोळ्यातल्या इंजेक्शनांनी बहुधा उरलेली नजर वाचते, गेलेली क्वचितच पूर्ण परत येते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणजे बहुतेकांच्या घरात किंवा नात्यात कुणीतरी असणारच. टाइप 2 मधुमेहात ही तपासणी निदान होताच करून घ्यायची असते, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, सहसा वर्षातून एकदा. तुमच्या माणसाची राहिली असेल तर या आठवड्यातच वेळ घ्या, आणि त्या दिवशी स्वतः बरोबर जा.