कांद्याचा भाव आणि मेसमधलं भांडण

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी बोलतो, पण मराठीत अख्खा लेख लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

थर्ड इयरला आपल्याला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स नावाचा विषय असतो. बहुतेक जण तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. मीही त्यातलीच. पण मागणी-पुरवठ्याची ती फुलीसारखी आकृती काढता काढता मला फर्स्ट इयरचं एक भांडण आठवलं आणि पुस्तक पहिल्यांदाच इंटरेस्टिंग वाटलं.

गोष्ट डिसेंबर २०२३ची. मेसच्या ताटातून कांदा गायब होऊन त्याजागी कोबी आला होता. ८ डिसेंबरला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. मी मुंबईची. आई फोनवर रोज कांद्याचा भाव सांगायची. त्यामुळे जेवताना मी आनंदाने म्हटलं, "चला, सुटलो! आता कांदा स्वस्त होणार."

माझी रूम पार्टनर निफाड तालुक्यातली. तिच्या पप्पांचा लाल कांदा तेव्हा काढणीला आला होता. ती म्हणाली, "तुमचा स्वस्त होणार म्हणजे आमचा पडणार ना गं?"

झालं! टेबलावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, गरिबाने खायचं काय? दुसरी म्हणे, शेतकऱ्याने जगायचं कसं? शेवटी मावशींनी लाइट बंद करायची धमकी दिली तेव्हा आम्ही उठलो. त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. माझ्या पार्टनरने पुढच्या सेमिस्टरची मेस फी दोन हप्त्यांत भरली, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

कात्रीची दोन पाती

अल्फ्रेड मार्शल हा केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ मूळचा गणिताचा विद्यार्थी. त्याचं गाजलेलं पुस्तक १८९० साली आलं. किंमत मागणीने ठरते की पुरवठ्याने, या वादावर त्याचं म्हणणं असं की कागद कात्रीचं वरचं पातं कापतं की खालचं, हे विचारण्यासारखंच ते आहे. दोन्ही लागतात.

आता या पात्यांना आपल्या भाषेत 'स्टिफनेस' असतो असं समजा. मेकॅनिक्समध्ये स्प्रिंग ताठ असेल तर ती जराशी दाबायलाही खूप फोर्स लागतो. कांद्याची मागणी अशीच ताठ आहे. भाव दुप्पट झाला तरी फोडणीला कांदा लागतोच. लोक थोडा कमी घेतात, सोडत नाहीत. म्हणून बाजारात माल थोडासाच कमी आला तरी भाव मात्र भरमसाट चढतो. साठेबाजी होत नाही असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक भाववाढीमागे खलनायक शोधायची गरज नसते. याच भावामुळे सरकारंही घाबरतात. १९९८च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांदा किती गाजला होता हे आपल्या सरांना विचारा.

बंदी आली की काय होतं?

निर्यातबंदी म्हणजे परदेशातलं गिऱ्हाईक बाजारातून उठवणं. मागणी कमी, म्हणून देशातला भाव खाली. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

पण पुरवठ्याचं काय? उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. म्हणजे डिसेंबरात शेतकऱ्याचं पातं तर पूर्णच ताठ. भाव कितीही पडो, माल तेवढाच येणार. त्यामुळे बंदीने त्या महिन्यात देशात एक किलोही जास्त कांदा पिकला नाही. परदेशी जाणारा माल इथे अडला आणि तो खपेपर्यंत भाव उतरला. माझ्या आईचे जे पैसे वाचले, ते कुठून तरी आले. ते पार्टनरच्या पप्पांच्या खिशातून आले.

त्याआधी ऑगस्ट २०२३मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं होतं. तेव्हा मला वाटलेलं, शुल्क तर व्यापारी भरतो, शेतकऱ्याला काय त्याचं? पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत आहे: कर भरतो कोण हे कायदा सांगतो, पण तो सोसतो कोण हे पात्यांचा ताठपणा ठरवतो. ज्याला हलता येत नाही, त्याच्यावर जास्त भार. परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या देशाचा कांदा घेऊ शकतं. व्यापारी लिलावात बोली कमी लावू शकतो. ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा असलेला माणूस कुठे हलणार?

आणि पुढचा हंगाम? भाव म्हणजे निरोपसुद्धा असतो. पडलेला भाव सांगतो, 'पुढच्या वेळी कांदा कमी लाव.' शेतकरी ऐकतो. मग माल कमी येतो, भाव चढतो, आणि आपण पुन्हा बंदी मागतो. पावसाचा वाटाही मोठा असतो, पण हे चक्र आपणच फिरवतो. ती बंदी मे २०२४मध्ये उठली, तेव्हाही ४० टक्के शुल्क होतंच. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५पासून पूर्ण गेलं.

माझ्याच घरावर बाण

हे सगळं मी पार्टनरला मोठ्या उत्साहाने समजावलं. तिने शांतपणे विचारलं, "मग तुझ्या आजीच्या खोलीचं काय?"

आजीची गिरगावातली खोली पागडीची. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. आजीचं भाडं आजही माझ्या मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी आहे. जिन्याला मात्र लाकडाचे टेकू आहेत, कारण एवढ्याशा भाड्यात मालक दुरुस्ती करत नाही. भाड्याच्या रूपाने जे घेता येईना ते लोकांनी पागडीच्या रूपाने घेतलं. १९९९च्या कायद्याने अखेर पागडीलाही मान्यता दिली. किंमत एका ठिकाणी दाबली की दुसरीकडून वर येते, ती अशी.

मग आजीचं भाडं एकदम बाजारभावाने करायचं? ती ऐंशीची आहे, जाणार कुठे? मी गप्प बसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या रात्री मेसमध्ये आम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र करून भांडत होतो. 'काय होईल?' हा एक प्रश्न आणि 'कुणी सोसावं?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ही आकृती बऱ्यापैकी देते. दुसऱ्याचं देत नाही. ते आपल्याला द्यावं लागतं. पण पहिलं कळल्याशिवाय दुसऱ्यावर भांडणं म्हणजे फ्री बॉडी डायग्राम न काढता गणित सोडवणं. गरिबाला कांदा स्वस्त मिळावा हे पटत असेल, तर त्याचं बिल सगळ्यांनी मिळून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, द्यावं की एकट्या शेतकऱ्याने, एवढं तरी उघड बोलता येतं.

म्हणून आता कुठल्याही धोरणावर वाद झाला की मी तीन गोष्टी विचारते. फरक कोण भरतोय? त्याला हलायला जागा आहे का? आणि पुढच्या हंगामात लोक काय करतील?

परवा मेसमध्ये पुन्हा ताटात कांदा आला. मी म्हटलं, "स्वस्त झाला वाटतं." पार्टनर हसली आणि म्हणाली, "पप्पांना फोन करून सांगू?" मी मुकाट्याने कांदा खाल्ला.