जड्सन साहेबांची उशी

परदेशी जाऊन शुभवर्तमान सांगणाऱ्यास काय सोसावे लागते व त्याच्या पदरी काय पडते, हे आज आपण पाहू. १८१२ साली ज्या अमेरिकन मिशनने गॉर्डन हॉल यांस धाडिले (ते पुढे मुंबईस आले), त्याच मिशनने जड्सन पतिपत्नींस रवाना केले. ती दोघे १८१३ साली ब्रह्मदेशात रंगूनास पोहोंचली. पहिला बाप्तिस्मा १८१९ साली झाला. सहा वर्षांत एकही मनुष्य वळला नाही! आमच्या कित्येक उपदेशकांस एका पावसाळ्यातच निराशा येते.

१८२४ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच साहेबांस हेर समजून आवा येथे बेड्या घातल्या. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित मडमेने उशीत शिवून तुरुंगात पोहोंचविले. उशी मुद्दाम कठीण केली होती, की तिचा कोणास लोभ पडू नये. पुढे कैद्यांस दुसरीकडे हाकलले तेव्हा ती उकिरड्याच्या मोलाची ठरून फेकली गेली. मौंग इंग नामक ब्रह्मी शिष्याने गुरूची आठवण म्हणून ती घरी नेली. आत काय आहे हे त्यास ठाऊक नव्हते. कित्येक महिन्यांनी हस्तलिखित जसेच्या तसे निघाले. आम्हांस साहेबांच्या बेड्यांइतकेच ह्या शिष्याच्या प्रीतीचे मोल वाटते.

मडम १८२६ साली वारल्या. सहा महिन्यांनी तान्ही मुलगीही गेली. संपूर्ण शास्त्राचे भाषांतर साहेबांनी १८३४ साली पुरे केले. ब्रह्मी मंडळ्या ते आजही वाचतात.