संगणकाच्या जाळ्यातील चोरवाट



अरुणावतीच्या कालव्याला कुणी रात्री गुपचूप पाइप टाकला, की टोकाच्या शेतकऱ्याचं पाणी तुटतं. पाइप सापडतो तो काठाने चालत गेल्यावरच. वाय-फायच्या चोरवाटेचंही तसंच आहे.

काटा, शेतकी विभाग व हिशेब विभाग यांचे संगणक एका जाळ्यात जोडलेले असले, की आपल्या उसाचं वजन आणि बिल त्यातूनच जातं. मोबाईलला नेट मिळावं म्हणून कुणी छोटा राउटर त्या केबलला जोडला, तर फाटकाबाहेरच्यालाही आत शिरायला वाट होते. बहुधा हेतू वाईट नसतो. पण जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेली, आणि पोलीस आधी त्याच दारात आले.

शोधायचं कसं? मंजूर राउटरची वही ठेवावी. नाव, जागा आणि यंत्राचा बारा अंक-अक्षरांचा पत्ता लिहावा. नुसत्या नावावर जाऊ नये, तेच नाव दुसराही ठेवू शकतो. मग वाय-फाय तपासणारं अ‍ॅप मोबाईलमध्ये घेऊन आवारात फिरावं. वहीबाहेरचा पत्ता दिसला, की ज्या बाजूला जोर वाढेल तिकडे चालावं.

शेजारच्या घरचंही वाय-फाय त्यात दिसणारच. त्याच्याशी भांडू नये! ते आपल्या केबलला जोडलेलं आहे का, हे संगणकवाल्यांनी स्विचवर पाहावं.

काट्यावर अशी अनोळखी पेटी दिसली तर शेतकी कार्यालयात कळवावं. स्वतः केबल उपटू नये. गाडी काट्यावर उभी असली तर वजनाची नोंद अर्धवट राहील.