घरचा संगणक अडून बसला म्हणजे

हल्लीं आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं संगणक आला आहे. गृहपाठ, शिष्यवृत्तीचे अर्ज, विजेचें बिल, परगांवच्या नातलगांशीं बोलणें, अशीं नाना कामें त्यावर होतात. परंतु एखाद्या सायंकाळीं तो अडून बसला, कीं घरांत मोठा गोंधळ उडतो. वडील म्हणतात, "तूंच कांहीं तरी दाबलें असशील." मुलगा म्हणतो, "मीं हातसुद्धां लावला नाहीं." आई म्हणते, "दुरुस्तीवाल्याला बोलवा, म्हणजे वाद मिटेल." आमचा अनुभव असा आहे कीं, बहुतेक वेळीं दोष लहान असतो, आणि शांतपणें व क्रमानें शोधल्यास तो घरच्या घरीं सांपडतो. तो क्रम कसा असावा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत 'मार्क दोन' नांवाचें एक प्रचंड गणकयंत्र होतें. ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं तें बिघडलें. तेथील मंडळींनीं शोध केला, तेव्हां आंतील एका विद्युत्-कळींत पतंग अडकलेला आढळला. त्यांनीं तो काढून रोजच्या नोंदवहींत चिकटवला व शेजारीं तशी नोंद केली. ती वही अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयांत अजून जपून ठेविली आहे. यंत्राच्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याचा प्रघात त्याहूनही जुना. त्या दिवशीं मात्र किडा खराच निघाला! त्या मंडळींपासून आपण दोन गोष्टी घ्याव्या: आधीं डोळ्यांनीं पाहणें, व आढळलेलें लिहून ठेवणें.

आतां आपल्या घराकडे वळूं. पडदा काळा दिसला तर प्रथम वीज पाहावी. त्याच सॉकेटांत टेबलावरचा दिवा लावला, म्हणजे वीज येते कीं नाहीं हें कळतें. नंतर तारांचीं दोन्ही टोकें घट्ट बसवावीं. पडद्याला बहुधा दोन तारा असतात. एक विजेची व दुसरी चित्र आणणारी. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं संगणकाची पेटी रिक्षांत घालून दुरुस्तीच्या दुकानीं नेली. तेथें ती उत्तम चालली! घरीं झाडलोट करतांना पडद्याची तार सैल झाली होती, इतकेंच. रिक्षाचें भाडें दोनदां पडलें, आणि विनाकारण बोलणीं खाल्लेल्या मुलाची समजूत घालावी लागली ती निराळीच.

यंत्र चालू असून जागच्या जागीं थिजलें, तर दोन मिनिटें वाट पाहावी. विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या असतां चालू कार्यक्रमांची यादी उघडते. तींतून अडलेला कार्यक्रम तेवढा बंद करतां येतो. तेंही न साधलें, तर चालू करण्याचें बटण सुमारें दहा सेकंद दाबून धरावें. हा शेवटचा उपाय होय, कारण जतन न केलेलें काम त्यानें नाहींसें होतें.

"बंद करून पुन्हां सुरू करा" ह्या सल्ल्याला पुष्कळजण हसतात; पण त्यांत अर्थ आहे. संगणकाची तात्पुरती स्मृति म्हणजे वर्गांतील फळा, व डिस्क म्हणजे वही. दिवसभर लिहून फळा गजबजतो. यंत्र पुन्हां सुरू केल्यानें तो पुसला जातो, वही मात्र तशीच राहते. विंडोजच्या १० व ११ ह्या आवृत्त्यांत नुसतें 'शट डाउन' केल्यास फळ्यावरील कांहीं मजकूर बहुधा जपून ठेविला जातो. म्हणून अशा वेळीं 'रीस्टार्ट' हाच पर्याय निवडावा.

संगणक मंद चालूं लागला, तर डिस्क भरत आली आहे काय, व एकदम फार कार्यक्रम उघडे आहेत काय, हें पाहावें. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरल्यास हवेचीं भोकें बुजतात, यंत्र तापतें, आणि तापलें कीं आपली गति आपणच कमी करतें. इंटरनेट बंद पडलें, तर घरच्या राऊटरवर चालणारा दुसरा फोन पाहावा. त्यावर चालत असेल तर दोष संगणकांत समजावा. दोन्हींवर नसेल तर राऊटरची वीज अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हां सुरू करावी, व कांहीं मिनिटें धीर धरावा.

बरोबर असलेला पासवर्ड यंत्र घेत नसेल, तर कॅप्स लॉक लागला आहे काय, किंवा कीबोर्ड मराठीवर राहिला आहे काय, तें पाहावें. विंडोजची कळ व स्पेस मिळून दाबल्यानें भाषा बदलते. एखादी जुनी मराठी फाईल उघडतांच विचित्र चिन्हें दिसलीं, तर ती बिघडली असें समजून पुसून टाकूं नये. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं निरनिराळ्या फाँटांत मजकूर लिहीत असत. तो फाँट नसला, कीं अक्षरें ओळखूं येत नाहींत. मजकूर आंत शाबूत असतो.

उपाय करतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार बटणें एकदम दाबून यंत्र सुरू झालें, तरी कशानें झालें हें कळत नाहीं, व पुढल्या खेपेस पुन्हां तोच घोळ होतो. पडद्यावर आलेली सूचना जशीच्या तशी वहींत उतरावी. दुरुस्ती करणाराचें अर्धें काम तेवढ्यानें होतें.

कांहीं गोष्टी मात्र मुलांनीं स्वतः करूं नयेत. पेटी उघडूं नये. वीजपुरवठ्याच्या भागांत प्लग काढल्यावरही वीज सांचलेली असते. फुगलेल्या बॅटरीस हात लावूं नये. "तुमच्या संगणकांत विषाणु शिरला आहे, ह्या नंबरावर फोन करा" असें पडद्यावर आल्यास फोन करूं नये. तो ठकांचा सांपळा असतो. कोणी फसून पैसे गेलेच, तर १९३० ह्या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें.

यंत्रावर पाणी सांडलें, तर लगेच तें बंद करून वीज तोडावी, व जाणत्यास दाखविल्यावांचून सुरू करूं नये. येथें पालकांस एक विनंती आहे. रागाच्या भयानें मूल अशी गोष्ट लपवितें, यंत्र चालूच राहतें, आणि वांचण्यासारखें असलेलेंही जातें. खरें सांगणाऱ्या मुलास त्या घटकेला शिक्षा करूं नका.

शेवटीं आमचीच एक चूक सांगतों. आमच्या वडिलांनीं उतारवयांत आपल्या लहानपणच्या आठवणी आम्हांस सांगितल्या, व आम्हीं त्या संगणकावर लिहून घेतल्या. ते वारल्यावर कांहीं महिन्यांनीं डिस्क टकटक आवाज करूं लागली. आठवडाभर आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं, आणि एके सकाळीं ती कायमची थांबली. आमच्या मुलीनें वाचण्यासाठीं पहिलीं नऊ प्रकरणें पेन ड्राइव्हवर घेतलीं होतीं. तेवढींच आज आमच्याजवळ आहेत. पुढचें विचारावयास वडील राहिले नव्हते.

तेव्हांपासून दर शनिवारीं सायंकाळीं आमच्या घरीं महत्त्वाच्या फायलींची नक्कल होते. एक घरांत राहते व दुसरी भावाच्या घरीं. यंत्र बिघडलें तर दुसरें आणतां येतें. त्यांत ठेविलेल्याची नक्कल मात्र तें चालू असतांनाच करावी लागते. आमच्या वाचकांनीं ती ह्याच शनिवारीं करावी, एवढेंच मागणें आहे.