व्हॉल्व्हचं वय तासांत मोजावं

पोरा, तमाशाच्या फडातलं जुनं व्हॉल्व्हचं अ‍ॅम्प्लिफायर मशीन तू घरी आणलंस आणि लगेच विचारलंस, "काका, हे किती वर्षं टिकतील?" वर्षं विचारू नको, तास विचार. खोक्यात पडून असलेला व्हॉल्व्ह पन्नास वर्षांनी कोरा निघू शकतो आणि रोज रात्रभर तापणारा दोन-तीन हंगामांत थकतो. नारायणगावात मी आयुष्यभर हीच मशीनं उघडली. म्हातारपणानं गेलेले व्हॉल्व्ह त्यात थोडे. बाकीचे चढलेल्या व्होल्टेजनं, कोंडलेल्या उष्णतेनं, नाहीतर बिघडलेल्या कंडेन्सरनं मारलेले.

हिशेब असा धर. माइकचा बारीक आवाज उचलणारा छोटा व्हॉल्व्ह, ईसीसी८३ सारखा, नीट वागवला तर १०,००० तासांपर्यंत जातो. कर्ण्यांना ताकद देणारे मोठे, ईएल३४ किंवा ६एल६, साधारण दीड ते पाच हजार तास. मोठा फड दसऱ्याला निघतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला परततो. सात महिने, रात्रीला पाच तास, म्हणजे हंगामाला हजार तास. तू घरी रोज दोन तास गाणी ऐकलीस तर वर्षाला ७३० होतात. मोठ्या व्हॉल्व्हची जोडी साधारण तीन-चार वर्षं जाईल. छोट्याची काळजी दहा वर्षं करू नको.

आत कॅथोडवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटून प्लेटकडं जातात. लेप दमला की व्हॉल्व्ह दमला. खालचे सगळे मंत्र हा लेप वाचवण्यासाठीच आहेत.

पहिला मंत्र, व्होल्टेज बघ. हीटरला ६.३ व्होल्ट हवेत. आपल्याकडं शेतीचे पंप बंद झाले की लाइनवरचा लोड उतरतो आणि रात्री घरात २३० च्या जागी २५५ येतात. मग हीटरला सात व्होल्ट बसतात आणि लेप झपाट्यानं उडतो. मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला २००, २२०, २४० अशी टॅपिंग असतील तर वरच्या टॅपिंगला लाव, नाहीतर स्टॅबिलायझर घे. मग मीटर लावून हीटरवर खरंच किती येतात ते मोज. फार कमी व्होल्टेजही वाईट. विहिरीवरच्या मोटरीला जे मानवत नाही, ते व्हॉल्व्हलाही मानवत नाही.

दुसरा, उगाच चालू-बंद करू नको. अमेरिकेतल्या एनियाक संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. ते तापताना आणि थंड होताना जास्त जायचे, म्हणून मशीन बंद करणंच टाळायचे. १९५६ साली अटलांटिक महासागराखालून टेलिफोनची केबल सुरू झाली. तिच्यातले व्हॉल्व्ह १९७८ पर्यंत समुद्राच्या तळाशी चालले, कारण भार हलका, व्होल्टेज स्थिर आणि विश्रांती नाही. तू मात्र मशीन दिवसरात्र चालू ठेवू नको, फुकट तास जातील. चहाला उठलास तर राहू दे, बाजाराला निघालास तर पूर्ण बंद कर. स्टँडबायवर तासन्‌तास ठेवू नको. हीटर तापलेला आणि प्लेटला करंट नाही, अशानं लेप नासतो.

तिसरा, हवा खेळू दे. मशीनवर कापड, टेपरेकॉर्डर, पत्रिका काही ठेवायचं नाही. फळीवर वीतभर जागा वर आणि मागं सोड.

चौथा मंत्र सगळ्यांत महत्त्वाचा. मोठ्या व्हॉल्व्हची प्लेट लाल दिसली की गाणं संपायची वाट बघू नको, लगेच बंद कर. करंट आवरून धरणारा निगेटिव्ह बायस गेलेला असतो. बहुतेक वेळा कपलिंग कंडेन्सर गळतो. कंडेन्सर न बदलता नवा व्हॉल्व्ह लावलास तर तोही जाणार. ईएल३४ च्या प्लेटची कमाल मर्यादा २५ वॅट. मी सतराच्या आसपास ठेवतो, म्हणजे ४०० व्होल्टला सुमारे ४० मिलिअँपिअर. मोठे बदलायचे तर जोडीनं बदल आणि बायस पुन्हा लाव.

निळ्या उजेडाला घाबरू नको. काचेला चिकटून दिसणारी निळसर झाक निरोगी व्हॉल्व्हमध्येही असते. आतल्या भागांच्या मधोमध जांभळा धूर भरल्यागत दिसला तर आत गॅस झालाय. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला तर हवाच शिरली, तो व्हॉल्व्ह संपला.

कर्णा किंवा स्पीकर जोडल्याशिवाय मशीन कधी चालू करू नको. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं आणि तो मिळणं व्हॉल्व्हपेक्षा अवघड. बरीच वर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगला लावायचं नाही. सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब घालून आधी शॉर्ट आहे का बघ. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर प्लग काढ.

पावसाळ्यात भीमाशंकर-घोडेगावच्या बाजूची दमट हवा व्हॉल्व्हच्या काचेआड जात नाही. पण सॉकेट गंजतात, कागदी कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मर ओल धरतात. पिना पुसून लाव. उपसताना काच धरून हलवायचं नाही, बूड धरून सरळ वर ओढायचं, तेही गार झाल्यावर.

प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्ट बसलेले असतात. रेझिस्टरनं डिस्चार्ज कर, मीटरनं खात्री कर, मग हात घाल. हा नियम मोडलेल्याला दुसरा नियम शिकवायची वेळ येत नाही.

नवे घ्यायचे तर पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला विचार. बेंगळुरूच्या बीईएलचे जुने व्हॉल्व्ह अजून निघतात. नव्यात स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनचे येतात. टेस्टरवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. आणि चांगला चालणारा व्हॉल्व्ह केवळ तास भरले म्हणून काढू नको. आवाज बसला, खर्ज सैल झाला, खरखर आली, तेव्हाच काढ.

आजच एक वही कर. तारीख, किती तास वाजलं, रात्रीचं व्होल्टेज, एवढं लिहीत जा. वर्षभरानं तुझ्या मशीनचं खरं वय तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल.