पाण्यात फसफसणारा, पण हातात न फुटणारा गोळा



'बाथ बॉम्ब' हे नाव ऐकून कोणी दचकू नये. याला वात नाही, दारू नाही आणि आवाजही नाही. आंघोळीच्या पाण्यात टाकला की फसफसून विरघळणारा हा एक पांढरा गोळा असतो. इंग्लंडच्या डॉर्सेट भागात मो कॉन्स्टंटाईन या बाईंनी १९८९ साली तो तयार केला. पोट बिघडल्यावर पाण्यात टाकून घेतात त्या फसफसणाऱ्या गोळीवरून त्यांना ही कल्पना सुचली. तिकडे लोक मोठ्या टबात बसून आंघोळ करतात. आपल्याकडे टब कुठला? पण घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय बुडवायला हा गोळा छान चालतो.

आनंद बाजारात मांडण्यासाठी आमच्या गटाने हेच गोळे निवडले. साहित्यासाठी प्रत्येकीने आपल्या खाऊचे पैसे काढले होते. ढासळलेला गोळा कोण विकत घेणार? गोळा फुटला की पैसेही पाण्यातच! म्हणून गोळा आकार कसा धरतो, याचा आम्ही आधी नीट अभ्यास केला.

साहित्य थोडेच आहे. छोट्या वाटीने दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, अर्धी वाटी आरारूट आणि एक चमचा खोबरेल तेल. वासासाठी चिमूटभर कपूरकाचरीची पूड. हळद घालू नका, पंचा आणि घमेले दोन्ही पिवळे होतात.

सोडा आणि लिंबूसत्त्व कोरडे असेपर्यंत शेजारी शेजारी गप्प बसतात. पाणी मिळाले की दोघे त्यात विरघळून एकमेकांना भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. ढोकळा फुगवतो तोच हा वायू. आता खरी गंमत पुढे आहे. या क्रियेत वायूबरोबर नवे पाणीही तयार होते. ते नवे पाणी शेजारच्या कोरड्या कणांना भिजवते, तिथेही फसफस सुरू होते, तिथे आणखी पाणी तयार होते. म्हणजे आपण घातलेले एक चमचा पाणी एक चमचाच राहत नाही! गोळा का फुगतो आणि का तडकतो, याचे उत्तर मला इथेच मिळाले.

हे पडताळून पाहण्यासाठी बाईंनी आम्हाला तीन स्टीलच्या वाट्या घ्यायला सांगितल्या. पहिल्या वाटीतल्या मिश्रणात एक चमचा पाणी एकदम ओतले. दुसऱ्या वाटीसाठी बोटे ओली करून थेंब थेंब शिंपडले आणि लगेच हाताने चोळले. तिसऱ्या वाटीत पाणी नाहीच, नुसते तेल. पहिली वाटी बघता बघता फुगली आणि मिश्रण काठावरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे बाहेर आले. वाळल्यावर वरून टणक, पण आतून पोकळ! बोट लावले की भुगा. दुसरी टिकली. तिसरी डिसेंबरच्या थंडीत घट्ट राहिली, पण दुपारी उन्हाच्या कवडशात ठेवली तेव्हा मऊ पडली, कारण खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास वितळते. आम्ही दुसरी रीत पक्की केली, त्यात तेलही ठेवले.

पाणी किती, हे चमच्याने सांगता येत नाही. हवा दमट असेल तर कमी, कोरडी असेल तर थोडे जास्त. मिश्रण मुठीत दाबावे. दिवाळीचा किल्ला करताना ओली वाळू जशी मुठीचा आकार धरते, तसे झाले की पुरे. आणखी एक खूण मला फार आवडते. मिश्रण हाताला एकाएकी गार लागू लागले, की समजावे पाणी जास्त झाले. ही क्रिया सुरू झाली की भोवतालची उष्णता ओढून घेते, म्हणून हात गार पडतो. कान जवळ नेला तर बारीक चुरचुरही ऐकू येते.

साचा म्हणून सगळ्यांनाच आधी मोदकाचा साचा सुचला. दिसतो सुंदर, पण काढताना मोदकाचे नाक तुटते. प्लॅस्टिकचा चेंडू मधोमध कापून केलेली दोन भांडी त्याहून बरी. दोन्ही भाग काठोकाठ भरून, अंगठ्याने गच्च दाबून, मग एकमेकांवर दाबायचे. सैल भरलेला गोळा नक्की फुटतो. साचा पाच मिनिटांनी हळूच काढावा आणि गोळा कापडावर एक दिवस सावलीत ठेवावा. चुलीजवळ नको, कारण तापला की सोड्यातला वायू आधीच निघून जातो. पावसाळ्यात तर हा उद्योग करूच नये.

पालकांसाठी दोन गोष्टी. लिंबूसत्त्व दिसते साखरेसारखे, म्हणून डब्यावर नाव लिहा. त्याची पूड मोठ्या माणसानेच करावी, नाकाला रुमाल बांधून. ती डोळ्यांत गेली तर फार झोंबते. आणि ओले मिश्रण बाटलीत घट्ट बंद करू नका. आत वायू साठला की झाकण उडते, मग तो खरोखरचा बॉम्ब!

आता पायांविषयी. आजी दिवसभर कांदालागणीच्या चिखलात उभी होती. संध्याकाळी गोळा टाकलेल्या पाण्यात पाय ठेवून म्हणाली, "हलकं वाटतंय गं पोरी. पण ते गरम पाण्यानं का तुझ्या गोळ्यानं, कुणी सांगावं?" मग दुसऱ्या दिवशी तिला नुसते गरम पाणी दिले. तेव्हाही ती म्हणाली, "हलकं वाटतंय." म्हणून बाजारातल्या आमच्या पाटीवर 'पाय बरे होतात' असे आम्ही लिहिणार नाही. 'फसफसतो, वास येतो, मजा येते' एवढेच लिहू. आणि टाचेला भेग चिरलेली असेल त्याला गोळा देणार नाही, ते पाणी झोंबू शकते.

तयार गोळे पूर्ण वाळल्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आहे, ती ओल शोषते. डबा विज्ञानाच्या कपाटावर आहे. उघडून बघा, पण हात कोरडे करून.