अस्सल बनावट

सुरुवात एका इंजिनिअरपासून करू या. नाव झाक बोंसेर्झां, वय 28, शिक्षण फ्रान्समधल्या 'आर्ट्स ए मेतिए' या नावाजलेल्या इंजिनिअरिंग शाळेतलं. 10 नोव्हेंबर 1940 च्या संध्याकाळी पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनजवळून तो मित्रांबरोबर एका लग्नाहून परतत होता. जर्मन सैन्याने पॅरिस घेऊन पाचेक महिने झाले होते. समोरून सैनिकांचा घोळका आला, धक्काबुक्की झाली, मित्रांपैकी एकाचा हात सुटला. बाकीचे पळाले, हा सापडला. मित्रांची नावं मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितली नाहीत. लष्करी कोर्टाने मृत्युदंड दिला आणि 23 डिसेंबरला त्याला गोळ्या घातल्या.

त्यानंतर पॅरिसच्या भिंतींवर पोस्टर लागलं. वर जर्मन आणि फ्रेंच अशा दोन भाषांत 'जाहीर सूचना' हा मथळा आणि खाली अगदी थोडका मजकूर: इंजिनिअर झाक बोंसेर्झां याला जर्मन सैनिकावर हात टाकल्याबद्दल ठार करण्यात आले आहे. मजकुरात त्याचा हुद्दा आठवणीने लिहिला होता. रातोरात काही पोस्टरं फाडली गेली आणि काहींच्या खाली लोकांनी फुलं ठेवली. मग पोस्टरांवर पहारा बसला. कागदाच्या बंदोबस्ताला पोलीस!

युरोपात आज असे कागद जमवणारे पुष्कळ लोक आहेत. काडेपेट्या आणि तिकिटं जमवण्यासारखाच हा छंद, असं मला आधी वाटायचं. पण यातले कागद अस्सल कसे ओळखतात हे वाचायला लागलो आणि केमिस्ट्री, प्रिंटिंग, थोडं मटेरियल सायन्स असं सगळं एकेक करून समोर आलं. म्हणून हा लेख.

जमवण्यासारखं काय काय असतं? भिंतीवरची फर्मानं, रेशनची कुपनं, प्रवासाचे परवाने, ओळखपत्रं, ब्रिटिश विमानांतून टाकलेली पत्रकं (यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सांकेतिक क्रमांक असतो, फ्रान्ससाठी 'एफ' आणि पुढे आकडा), आणि चोरून छापलेली वर्तमानपत्रं. एकट्या नेदरलँड्समध्ये पाच वर्षांत अशी सुमारे 1,300 बेकायदा वर्तमानपत्रं निघाली. त्यातली काही म्हणजे सायक्लोस्टाइल केलेलं एखादं पान, एवढंच.

पोस्टरांचं गणित जरा उलटं असतं. भिंतीवर लागलेलं पोस्टर टिकत नाही. पाऊस खातो, नाहीतर लोक फाडतात, नाहीतर त्याच्यावर नवं पोस्टर बसतं. त्यामुळे आज मिळतात ती बहुतेक कधी चिकटवलीच न गेलेली, छापखान्यात किंवा नगरपालिकेच्या कपाटात शिल्लक राहिलेली. म्हणजे ज्याने आपलं काम केलं ते पोस्टर गेलं आणि ज्याने केलं नाही ते उरलं.

आता ओळखपत्राकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

नेदरलँड्समध्ये लोकसंख्या नोंदणी खात्याचा प्रमुख होता याकोब लेंट्झ. अत्यंत हुशार, शिस्तीचा, आपल्या कामावर जीव टाकणारा सरकारी माणूस. प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र असावं ही त्याची जुनी कल्पना. पण मार्च 1940 मध्ये डच सरकारने ती नाकारली. अशी सक्ती म्हणजे प्रत्येक नागरिकाला संशयित गुन्हेगार मानणं झालं, ते आपल्या परंपरेत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोनच महिन्यांनी जर्मन सैन्य आलं आणि लेंट्झला त्याच्या डिझाइनसाठी नवं गिऱ्हाईक मिळालं.

1941 मध्ये 15 वर्षांवरच्या प्रत्येकाला हे कार्ड घ्यावं लागलं. वॉटरमार्कचा कागद, क्वार्ट्झ दिव्याखाली तपासता येणारी खास शाई, फोटो, सही आणि बोटाचा ठसा. फोटो असा चिकटवलेला की काढायला गेलं की कार्ड खराब झालंच पाहिजे. शिवाय प्रत्येक कार्डाची फोटो-ठशासह पावती हेगमधल्या मध्यवर्ती कार्यालयात जमा. म्हणजे कार्ड हुबेहूब केलं तरी हेगला ते जुळायला हवं! खुद्द जर्मन अधिकाऱ्यांना हे कार्ड त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्रापेक्षा सरस वाटलं. डिझाइन म्हणून पाहिलं तर पैकीच्या पैकी मार्क द्यावेत असं काम.

ज्यूंच्या कार्डावर 'जे' हे अक्षर आलं. त्या वेळी नेदरलँड्समध्ये सुमारे 1 लाख 40 हजार ज्यू होते. त्यातले सुमारे 1 लाख 2 हजार मारले गेले. पश्चिम युरोपातल्या व्याप्त देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. त्याची कारणं अनेक आहेत, पण इतिहासकार त्यात लेंट्झच्या चोख नोंदणीचंही नाव घेतात. युद्धानंतर लेंट्झला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो नाझी पक्षाचा प्रचारक वगैरे नव्हता. त्याला फक्त सिस्टीम परफेक्ट करायची होती. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही, हे कबूल करतो.

या कार्डाला उत्तर शोधलं एका शिल्पकाराने. खेरित फान देर फेन आणि त्याच्या साथीदारांनी ॲमस्टरडॅममध्ये बनावट ओळखपत्रांचं केंद्रच काढलं, आणि त्यातून सुमारे 80 हजार कार्डं बाहेर पडली असं मानतात. छपाई सांभाळली फ्रान्स दुवार या मुद्रकाने. पण मघाची अडचण होतीच: कार्ड कितीही चांगलं असलं तरी नोंदणी कार्यालयातल्या नोंदीशी ते जुळत नाही. मग 27 मार्च 1943 च्या रात्री पोलिसांच्या वेषात ही मंडळी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरली, पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन बाहेर ठेवलं, खण उपसून कार्डं जमिनीवर ओतली आणि आग लावली. गच्च रचलेला कागद सहजासहजी जळत नाही. पण आगीचा बंब मुद्दाम सावकाश आला आणि जवानांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारलं. जे जळलं नाही त्यातलं बरंच भिजलं. चित्रकार विलेम आरोंदेउससह बाराजणांना 1 जुलै 1943 ला गोळ्या घातल्या. फान देर फेन आणि दुवार यांना 10 जून 1944 ला. हेगच्या मध्यवर्ती कार्यालयावर तर 11 एप्रिल 1944 रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या सहा मॉस्किटो विमानांनी भरदिवसा बॉम्ब टाकले. त्यात आत काम करणारे साठेक कर्मचारीही गेले. एका कार्ड-इंडेक्ससाठी हवाई हल्ला, हे उदाहरण डेटाबेसच्या लेक्चरला कुणी सांगत नाही.

फ्रान्समध्ये हेच काम आडोल्फो कामिन्स्की नावाचा पोरगा करत होता. पोरगाच म्हणायचा, कारण जन्म 1925 चा. रंगाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केलेली, आणि तिथून डाग आणि रंग घालवण्याचं वेड लागलेलं. पुढे एका डेअरीत त्याने पाहिलं की लोण्याचा कस तपासताना मिथिलीन ब्लू घालतात आणि लॅक्टिक ॲसिडने तो निळा रंग उडून जातो. प्रतिकार गटाच्या लोकांनी जेव्हा विचारलं, की वॉटरमन कंपनीची न पुसता येणारी निळी शाई ओळखपत्रावरून काढता येईल का, तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं: लॅक्टिक ॲसिड लावून बघा. मग पॅरिसमधल्या एका माळ्यावर त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. फोटोग्राव्हिंगसाठी रसायन प्लेटवर एकसारखं पसरवायला सेंट्रिफ्यूज हवं होतं, ते त्याने सायकलच्या चाकापासून बनवलं. (वर्कशॉपला दांडी मारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) एकदा तीन दिवसांत 300 मुलांसाठी 900 कागद करायचे होते. ताशी तीस कागद होतात, म्हणजे तासभर झोपलो तर तीस जीव गेले, असा हिशेब मांडून तो जागा राहिला. 2023 च्या जानेवारीत, 97 व्या वर्षी तो पॅरिसमध्ये वारला.

आता संग्राहकाची पंचाईत बघा. आज समोर आलेला कागद तीन प्रकारचा असू शकतो. एक, सरकारने त्या काळात दिलेला खरा. दोन, त्याच काळात जीव वाचवायला केलेला खोटा. तीन, नंतर पैशासाठी केलेला खोटा. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक प्रयोगशाळा सांगू शकते. दुसऱ्याचं काय?

आधी सोपं ते घेऊ. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, तसा अतिनील प्रकाशाचा दिवा कागदावर धरायचा. साधारण 1950 नंतरच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं सर्रास वापरली जातात. ती अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. गॅदरिंगच्या स्टेजवर पांढरा शर्ट चमकतो त्याचं कारण तेच, कपड्यांच्या पावडरीत याच जातीची रसायनं असतात. तेव्हा 1942 चं म्हणून आणलेलं पोस्टर जर शर्टासारखं चमकलं तर विषय संपला. चमकलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जुना कोरा कागद मिळवून कुणीही त्यावर छापू शकतो. मग भिंग घ्यायचं. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुततं, मागच्या बाजूला बोट फिरवलं तर जाणवतं. ऑफसेटमध्ये तसं होत नाही. इंकजेटचे ठिपके तर भिंगाखाली रांगोळी विस्कटल्यासारखे दिसतात. साधी मोजपट्टीही कामाला येते. फेब्रुवारी 1944 मध्ये पॅरिसमध्ये लागलेलं प्रसिद्ध 'लाल पोस्टर', ज्यावर मानूशियां गटातल्या दहाजणांचे फोटो टाकून त्यांना गुन्हेगार ठरवलं होतं, ते सुमारे दीड मीटर उंच होतं. टेबलावर मावणारं 'मूळ' पोस्टर कुणी आणलं तर दिवा पेटवायचीही गरज नाही.

या दिव्याने सगळ्यात मोठी शिकार केली ती 1983 मध्ये. जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने 90 लाखांहून अधिक मार्क मोजून हिटलरच्या रोजनिशा विकत घेतल्या. साठाच्या वर वह्या! हस्ताक्षर तज्ज्ञांनी पास केलं होतं. पण ज्या नमुन्यांशी ताडून पाहिलं त्यातले काही नमुने त्याच बनावटखोराच्या, कोनराड कुयाउच्या हातचे होते. म्हणजे कॉपी तपासायला कॉपीच वापरली. शेवटी सरकारी प्रयोगशाळेत कागदात युद्धानंतरची पांढरेपणाची रसायनं सापडली आणि दोन आठवड्यांत सगळं कोसळलं. वहीच्या मुखपृष्ठावर 'ए एच' ऐवजी 'एफ एच' अशी अक्षरं चिकटवलेली होती, ती गॉथिक वळणामुळे इतके दिवस कुणाला खटकली नाहीत!

दुसऱ्या प्रकारापुढे मात्र दिवाही चालत नाही. फान देर फेनचं कार्ड युद्धकाळातल्याच कागदावर, युद्धकाळातल्याच शाईने झालंय. लेंट्झच्या नियमांशी ताडलं तर ते नापास, आणि अर्धवट माहितीचा संग्राहक ते 'नकली' म्हणून बाजूला टाकेल. खरं तर तेच जास्त दुर्मीळ. ते ओळखायचा मार्ग एकच, कागद कुणाच्या हातून कुणाकडे आला याची साखळी. एखाद्या घरात एकाच चेहऱ्याची दोन कार्डं निघतात, दोन वेगळ्या नावांची. जन्मनोंदीत एकच नाव सापडतं. आजीला विचारलं की ती दुसऱ्या नावाचा अर्थ सांगते. कार्ड घरातून उचलून बाजारात गेलं की ही साखळी तुटते आणि मग कोणताही दिवा ती जोडू शकत नाही.

म्हणून विक्रीचा प्रश्न नाजूक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये जर्मनीत एका लिलाव कंपनीने छळछावण्यांतली पत्रं, गेस्टापोची कार्डं असे 600 हून अधिक नग विकायला काढले होते. त्यात पीडितांची नावं होती. ऑशविट्झमधून वाचलेल्यांच्या संघटनेने हरकत घेतली आणि लिलाव रद्द झाला. संग्राहकांचं म्हणणं असं, की आम्ही जपलं नसतं तर हे रद्दीत गेलं असतं. त्यात तथ्य आहे. पण कुणाच्या तरी आजोबांचं शेवटचं पत्र बोली लावून घ्यायचं आणि कपाटात ठेवायचं, हे मला तरी पटत नाही. निदान एक चांगला स्कॅन अभिलेखागाराला आणि कुटुंबाला गेलाच पाहिजे.

जमवणं म्हणजे काय हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं, त्यांना तर बाजार माहीतच नव्हता. वॉर्सामध्ये ज्यूंना कोंडलेल्या घेट्टोत इमान्युएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने नोव्हेंबर 1940 पासून एक गुप्त गट चालवला. भेटायचे शनिवारी, म्हणून गटाचं नाव 'शब्बाथचा आनंद'. त्यांनी जर्मन फर्मानं जमवली, रोजनिशा, शाळेतल्या मुलांचे निबंध, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, अगदी चॉकलेट-गोळ्यांचे कागदसुद्धा. आपण उरणार नाही, तेव्हा कागद तरी उरावेत, एवढाच हेतू. ऑगस्ट 1942 मध्ये नोवोलिपकी रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पत्र्याच्या दहा पेट्या पुरल्या, आणि फेब्रुवारी 1943 मध्ये तिथेच दुधाचे दोन मोठे कॅन.

गटातले तिघेच वाचले. त्यांच्यातल्या हिर्श वासरने जागा दाखवली म्हणून 18 सप्टेंबर 1946 ला ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या. त्यांना सोल्डरिंग केलेलं नव्हतं. पाणी आत गेलं होतं, कागद एकमेकांना चिकटले होते, शाई पसरली होती. कॅन 1 डिसेंबर 1950 ला बांधकामाच्या खोदाईत सापडले. झाकणं घट्ट बसलेली, त्यामुळे आतले कागद बऱ्याच चांगल्या स्थितीत. सगळे मिळून सुमारे 35 हजार पानं. ती आज वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत.

तिसरा साठा श्वेंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला होता असं सांगतात. तो अजून सापडलेला नाही.